भाऊजी, चव बघा

वहिनी, तुम्हाला जाऊन तीन आठवडे होत आले. गेस्टहाउस बंद आहे, तुमच्या सायलीने दारावर तशी चिठ्ठी लावली आहे, तरी मला सहाला जाग येते ती येतेच. खाली येतो, किटली लावतो आणि ओट्याशी उगाच उभा राहतो. पहिले काही दिवस वाटलं, सवयीने उभा राहतोय. मग लक्षात आलं की मी वाट बघतोय. तुम्ही डावीकडच्या शेगडीवरून मागे न बघता चमचा पुढे कराल आणि म्हणाल, "भाऊजी, चव बघा."

बावीस वर्षं तुम्ही हे रोज म्हणालात. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर थापा मारतोय असं वाटेल. साउथहॅम्प्टनच्या या सात खोल्यांच्या घरात, दुसऱ्या दिवशी क्रूझवर चढणाऱ्या इंग्रज आजी-आजोबांना जी बाई रोज बेकन, सॉसेज आणि अंडी करून घालत होती, तिने जन्मात अंडंसुद्धा तोंडात घातलेलं नव्हतं. तुम्ही कानाने आणि नाकाने स्वयंपाक करायचात. बेकनची चरचर जरा मंदावली की ते उलटायचं, सॉसेजच्या वासातला कच्चेपणा गेला की आच कमी करायची. आणि जे कानाला कळत नाही, नाकाला कळत नाही, त्यासाठी मी होतो. लंडनजवळ हाउन्सलोला एअरपोर्टच्या कार्गोत काम करताना कॅन्टीनमध्ये मिळेल ते खायची मला सवय झाली होती, त्यामुळे माझ्या जिभेला काही वर्ज्य नव्हतं. मी चाखायचो आणि म्हणायचो, मीठ ठीक. किंवा, मशरूम अजून दोन मिनिटं. तुम्ही कधी उलटून विचारलं नाहीत, खरंच का म्हणून. एकदा एका पाहुणीने तुमच्या हाताचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "टुगेदर वुई आर वन कुक."

त्याच जिभेने मी तुम्हाला फसवलं. हे लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. शोकसभेत तुमच्याबद्दल चांगलं बोलायला महाराष्ट्र मंडळातली माणसं होती, भरभरून बोललीही. मीही चार शब्द बोललो आणि सगळे म्हणाले, दिरांनी वहिनीचं अगदी आईसारखं केलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मला भरून आलंय.

दादा गेला तेव्हा सायली नऊ वर्षांची होती. बोटीवरची इंजिनिअरची नोकरी सोडून जमिनीवर राहायचं म्हणून त्याने मिसेस डॉसनकडून हे घर चालत्या धंद्यासकट घेतलं आणि वर्षाच्या आत त्याचं हृदय बंद पडलं. मी हाउन्सलोहून चार दिवसांसाठी आलो. माझा संसार तेव्हा नुकताच मोडला होता, परत जाण्यासारखं तिथे काही नव्हतं, ते चार दिवस लांबतच गेले. पहिल्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या मिसेस डॉसन ॲप्रन बांधून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बुकिंग्ज आहेत, पाहुणे येणार आहेत, रडायला दुपार आहे. दीड महिना त्या रोज सकाळी येऊन तुम्हाला शिकवत होत्या. तुम्ही एका वहीत सगळं लिहून घेत होतात, देवनागरीत. ती वही माझ्यासमोर आहे. "बेकन दोन. सॉसेज एक (मागितल्यास दोन). ब्लॅक पुडिंग (रक्ताचं सॉसेज) विचारून. टोमॅटो अर्धा, कापलेली बाजू वर. ब्रेड तळलेला, टोस्ट नव्हे. टोस्ट मागाहून, मार्मलेडबरोबर. बीन्स वेगळ्या."

बीन्स वेगळ्या! या दोन शब्दांवरून आपण किती भांडलो असू. बाहेर सगळीकडे त्या ताटातच ओततात, अंड्याला येऊन भिडतात, कुणाचं काही बिघडत नाही. पण मिसेस डॉसन म्हणाल्या होत्या, "बीन्स गो इन अ बोल, लव्ह," आणि तुम्हाला ते लगेच पटलं होतं. कारण तुमच्या मिरजेच्या घरात उसळ वाटीतच वाढायची असते, रस ताटभर पळाला तर वाढणाऱ्याची शोभा होते. तुम्ही इंग्रजांच्या ब्रेकफास्टला डावं-उजवं दिलंत, वहिनी. टोमॅटो डावीकडे, कोशिंबिरीच्या जागी. ब्राउन सॉस डावीकडे वर, चटणीच्या जागी. सॉसेज आणि मशरूम उजवीकडे, भाजीच्या जागी. अंडं मध्ये, भाताच्या मुदीच्या जागी. मी म्हणायचो, आता फक्त रांगोळी काढायची राहिली. तुम्ही म्हणायचात, "काढीनसुद्धा. तुम्ही टेबल तीनची कॉफी बघा." पाहुण्यांना कारण कळायचं नाही पण काहीतरी जाणवायचं. दर वर्षी येणारे एक म्हातारे गृहस्थ म्हणायचे की इथलं ताट आल्यावर आपोआप पाठ सरळ होते.

हॅश ब्राउन्सच्या लढाईत मात्र तुम्ही कुणाला दया दाखवली नाहीत. पाहुणे मागायला लागले होते. सगळीकडे मिळतात, इथे का नाही, असं विचारायचे. मी फ्रोझन पिशवी आणून तुम्हाला न सांगता फ्रीझरमध्ये ठेवली. तुम्ही ती काढून माझ्या हातात दिलीत.

"हे अमेरिकन आहे, भाऊजी."

"बटाटा आहे, वहिनी. व्हेजिटेरियन आहे. तुम्हीसुद्धा खाऊ शकाल."

"मी खाऊ शकेन म्हणून ते इंग्लिश होतं का?"

मिरजेची बाई, जिने या ताटातला एक घास कधी घेतला नाही, ती इंग्लिश ब्रेकफास्टची अशी राखण करत होती आणि मी, जो रोज सगळं खात होतो, मला काय वाटेल ते चाललं असतं. आज हसू येतं आणि लगेच दुसरं काहीतरी येतं. तुम्हाला चव माहीत नव्हती म्हणूनच तुम्ही नियम पाळत होतात. जे शिकवलं त्यात आपल्या मनाने काही घालायचं नाही, कारण चाखून खात्री करता येणार नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी फक्त चिडवत राहिलो.

तुमच्या शेगड्या दोन. डावी पाहुण्यांची, उजवी तुमची. डावीकडचं भांडं उजवीकडे जायचं नाही, चमचा नाही, फडकं नाही. डाव्या शेगडीजवळ मिसेस डॉसनने दिलेलं तपकिरी झाकणाचं भांडं, त्यात बेकनची चरबी गाळून ठेवायची आणि पाहुण्यांचा ब्रेड त्यातच तळायचा. उजवीकडे तुमची तेलाची बरणी. शेवटचा पाहुणा उठला की तुम्ही दुसऱ्यांदा आंघोळ करून पूजेला बसायचात. घंटा वाजली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायचं, इज दॅट लंच? मी एकदा म्हटलं होतं, वहिनी, एवढा त्रास कशाला, देवाला काय कळत नाही तुमची परिस्थिती? तुम्ही म्हणालात, "करते ते पोटासाठी करते, ते देव समजून घेईल. पण खाल्लं तर ते पोटासाठी नसेल."

रविवारी पाहुणे गेले की तुम्ही उजव्या शेगडीवर स्वतःसाठी एक ब्रेडचा तुकडा तेलात तळायचात. वर मिरपूड, बाजूला लिंबाचं लोणचं. "इंग्रजांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, ब्रेड तळला," असं म्हणत खिडकीशी उभ्या राहून खायचात. दर वेळी मला अर्धा पुढे करायचात. मी दर वेळी नको म्हणायचो, माझ्या पोटात आधीच पाहुण्यांचं उरलंसुरलं गेलेलं असायचं.

आता ती गोष्ट, जिच्याबद्दल आपण परत कधी बोललो नाही. ब्रॅडफर्डहून एक वयस्कर मुसलमान जोडपं आलं होतं. सकाळी त्या गृहस्थांनी हळूच, अगदी संकोचून विचारलं की अंडी वेगळ्या पॅनमध्ये होतील का. तुम्ही "ऑफ कोर्स" म्हणालात, कपाटातून नवा पॅन काढलात, खोक्यातला, आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून त्यांच्यादेखत तो खोक्यातून बाहेर काढलात. बाकीची टेबलं खोळंबली होती. मी वैतागलो. म्हटलं, "वहिनी, आपला पॅन घासलेला आहे. कुणाला कळणार आहे?"

तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "मला कळेल," म्हणालात. आणि मग, आवाज न चढवता, "आज त्यांच्या बाबतीत म्हणताय. उद्या माझ्या बाबतीतही असंच म्हणाल."

मी फणकारलो. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय बोललो, असं वाटलं. पुढचे दोन दिवस तुम्ही चमचा पुढे केला नाहीत. अंदाजाने मीठ घातलंत आणि मशरूम खारट गेले. तिसऱ्या दिवशी एक शब्द न बोलता चमचा आला आणि मी म्हटलं, ठीक आहे. मी चुकलो असं म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

गेल्या उन्हाळ्यात तुमचं दुखणं निघालं आणि केमो सुरू झाली. शनिवार-रविवारचीच बुकिंग्ज घ्यायची, ब्रेकफास्ट मी करायचा, असं ठरलं. मी तुमच्या वहीतून वाचून करायचो, डावं-उजवंसुद्धा तुमचंच. तुम्ही वर पडून असायचात. वास येणं बंद झालं होतं आणि तोंडाला पत्र्याची चव होती. वरण-भात म्हणजे पत्रा, आइस्क्रीम म्हणजे गोड पत्रा. हॉस्पिटलमधल्या डाएटिशियनने सांगितलं, काय वाटेल ते खाऊ दे, पण खाऊ दे. सायली केंब्रिजहून दर शुक्रवारी संध्याकाळच्या ट्रेनने यायची, लॅबमधून थेट, आणि डबे उघडून दाखवायची, आई हे बघ, आई ते बघ. तुम्ही तिच्या समाधानासाठी दोन घास घ्यायचात आणि ती वळली की रुमालात काढायचात. मी बघायचो.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी तुम्ही गाउनवर शाल घेऊन खाली आलात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलात. मला इतका आनंद झाला की म्हटलं आज तुमचा रविवारचा ब्रेड करू. सायली अजून झोपली होती. बाहेर दोन टेबलं होती. डावीकडे पाहुण्यांचा ब्रेड चरबीत, उजवीकडे तुमच्या पॅनमध्ये तुमच्या तेलात तुमचा. दोन्ही सारखेच तांबूस झाले, दोन सारख्या पांढऱ्या बशांत मी ते काढले. बाहेरून कुणीतरी दूध मागितलं, मी दूध देऊन आलो आणि एक बशी तुमच्यापुढे ठेवली, दुसरी टेबल दोनवरच्या बाईंकडे नेली. परत येऊन ओट्याकडे बघतो तर माझ्या ध्यानात आलं, डाव्या शेगडीजवळची बशी तुमच्यापुढे गेली होती आणि तुमची बाहेर. तुमचा अर्धा खाऊन झाला होता.

तुम्ही वर बघितलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊजी," तुम्ही म्हणालात, "चव लागली."

मी काय करायला हवं होतं? बशी ओढून घ्यायला हवी होती. निदान सांगायला हवं होतं. तुम्ही तो तुकडा पूर्ण खाल्लात, बोट बशीवरून फिरवलंत, आणि मी उभा राहून बघत राहिलो. तेवढ्यात टेबल दोनवरच्या बाई बशी घेऊन स्वतः दारात आल्या आणि म्हणाल्या, असा फ्राइड ब्रेड त्यांनी वर्षानुवर्षांत खाल्ला नाही, त्यात काय घालता? मी काहीतरी हसून त्यांना वाटेला लावलं. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, तुमचं. चव लागली.

तिथपर्यंत चूक होती. माणसाच्या हातून होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आंघोळ करून देवापुढे बसला असतात आणि दोन दिवसांनी म्हणाला असतात, मुद्दाम नाही ना केलंत, मग झालं. मी तुम्हाला इतकं ओळखतो. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही वरून हाक मारलीत, "भाऊजी, कालच्यासारखा ब्रेड कराल?" आणि मी तुमचा पॅन घेतला, उजव्या शेगडीवर ठेवला, मग डावीकडे हात लांब केला आणि त्या तपकिरी भांड्याचं झाकण काढलं. त्या दिवशी घरात पाहुणा नव्हता, गडबड नव्हती, कुणी दूध मागत नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी एक, कधी संध्याकाळी अर्धा. तुम्ही थोड्या सावरलात. जिना एकट्या उतरायला लागलात. नर्स म्हणाली, वजन थांबलंय, चांगलं आहे. मी मनाशी म्हणायचो, बघ, हे तुझ्यामुळे. आणि प्रत्येक वेळी तुमचा पॅन इतका घासायचो की त्याचा काळा थर निघून आला.

एकदा तुम्ही विचारलंत. ऑक्टोबर असेल, बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. तुम्ही तुकडा प्रकाशात धरून बघत म्हणालात, "माझा असा होत नाही. यात काय घालता हो?"

"काही नाही, वहिनी. तेल जरा जास्त तापवतो, एवढंच."

"हो का?" तुम्ही म्हणालात. "बावीस वर्षांत मला सुचलं नाही." आणि तुम्ही वही मागवलीत. तुमच्या ब्रेडच्या ओळीखाली लिहिलंत, "तेल जास्त तापवणे. (भाऊजी)". ते पान आत्ता उघडंच आहे. मी खोटं बोललो आणि तुम्ही ते नियम म्हणून उतरवून घेतलंत, माझं नाव घालून.

नोव्हेंबरच्या शेवटी खाणंच थांबलं. पुढचे दिवस हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल. तुमच्या खाटेशी बसून सांगायची संधी मला रोज मिळत होती. एकदा तर तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "काय म्हणताय, भाऊजी?" मी तोंड उघडलं होतं, तुम्हाला चाहूल लागली असावी. मी म्हटलं, "काही नाही, पाणी देऊ का?"

मला ठाऊक आहे, हे वाचणारा कुणीतरी म्हणेल की त्यांना कळलं असणार, बायकांना कळतं, त्यांनी मनात माफही केलं असेल. मी स्वतःलाही हे सांगून बघितलं. पण मला तुमचा चेहरा माहीत आहे. कळलं असतं तर तुम्ही वहीत लिहिलं नसतं. तुम्हाला कळलं नव्हतं, वहिनी. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तो तसाच घेऊन गेलात.

तेराव्याला सायलीने स्वयंपाक केला. तिला नैवेद्याचं पान कसं वाढायचं ते नीट येत नव्हतं, म्हणून तिने तुमची वही काढली आणि ब्रेकफास्टच्या ताटाची आकृती बघून डावं-उजवं लावलं. वरण, भात, भोपळ्याची भाजी, खीर. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुझी ती फ्राइड ब्रेड पण ठेवू या ना. आई मला फोनवर सांगायची, भाऊजींच्या हाताला चव आली आहे. शी लव्हड इट."

मी पॅन काढला. मग तसाच उभा राहिलो. उजवीकडे तेलाची बरणी, डावीकडे ते भांडं. सायली म्हणाली, "काका? व्हॉट्स राँग?"

मी सांगितलं. सगळं. बशीची अदलाबदल, दुसरा दिवस, वही. मराठीत सांगितलं, सावकाश, तिला प्रत्येक शब्द कळेल असं. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"किती दिवस?"

"सप्टेंबरपासून. खाणं बंद होईपर्यंत."

"आईला माहीत होता?"

"नाही."

"तिने विचारला होता तुला?"

"एकदा."

खिरीचं पातेलं शेगडीवर होतं, ती शेगडी तिने बंद केली. तिने मला मिठी मारावी असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तिने मारली नाही.

"काका," ती म्हणाली, "मी युनिव्हर्सिटीत फर्स्ट वीकमध्येच बेकन सँडविच खाल्ला होता. आणि घरी फोन करून आईला सांगितला. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, तुझं तोंड आहे, सांगितलंस ते बरं केलंस. कोण काय खातो, याचा तिला कधीच प्रॉब्लेम नव्हता. शी जस्ट वॉन्टेड टु बी टोल्ड." मग तिने तेलाची बरणी उचलून माझ्यापुढे ठेवली. "आता यात कर. मी बघते."

आणि ती खरंच बघत उभी राहिली, हाताची घडी घालून. तुमची मुलगी आहे. मी तेल घातलं. वहीत लिहिल्याप्रमाणे जास्त तापवलं, निदान ते तरी खरं व्हावं म्हणून. एका तुकड्याऐवजी दोन तळले. दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत हलवले नाहीत, वर मीठ आणि मिरपूड घातली. एक तुमच्या पानात गेला, डावीकडे, लिंबाच्या लोणच्याशेजारी. दुसरा बशीत राहिला. ते तपकिरी भांडं सायलीने न विचारता उचललं, बाहेर नेलं आणि रिकामं करून, गरम पाण्याने धुऊन आणलं. दुसऱ्या दिवशी ती केंब्रिजला गेली. जाताना दारात म्हणाली, फोन करीन. अजून केलेला नाही. करेल.

माझी सगळी बाजू एका गोष्टीवर उभी होती, वहिनी. तेलातला तुम्हाला लागला नसता, चरबीतलाच लागला, म्हणून मी दिला. तुम्ही जगावं म्हणून दिला. गेले तीन महिने रोज सकाळी मी हेच घोकत होतो. त्या दिवशी सायली वर गेल्यावर तो दुसरा तुकडा घेऊन मी खिडकीशी उभा राहिलो, तुमच्या जागेवर. बावीस वर्षं तुम्ही दर रविवारी अर्धा पुढे करत होतात आणि मी तो कधी खाल्ला नव्हता.

आणि मला टेबल दोनवरच्या बाई आठवल्या. त्या रविवारी बशा बदलल्या होत्या, म्हणजे तुमचा तेलातला ब्रेड त्यांनी खाल्ला होता. रिकामी बशी घेऊन दारापर्यंत आल्या होत्या, यात काय घालता विचारायला. मी ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी तेलात एक तुकडा तळून तुमच्यापुढे ठेवून बघितला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. तुमच्या त्या पत्र्याच्या तोंडाला तो लागला असता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित नसता लागला. पण मी विचारलंच नाही.

वहिनी, चव बघितली. मीठ ठीक आहे. ब्रेड कुरकुरीत झाला आहे, आत मऊ आहे, तेलाचा वास येत नाही. लोणच्याबरोबर तर फारच छान लागतो.

चांगला लागतो, वहिनी. तुमचा होता तोच चांगला लागतो.